गडव्यावरचं नाव

१

आमच्या घरात दिवसाची सुरुवात वातींनी होते. परसातल्या देवकापसाची बोंडं आदल्या दिवशी तोडून ठेवायची, सरकी काढायची, बोटांना थोडी राख लावून गुडघ्यावर वाती वळायच्या आणि मग चुलीकडे वळायचं. केळझरच्या अलीकडे, ओढ्याकाठी आमचं गाव. सारं रान कपाशीचं, पण मायच्या, म्हणजे आमच्या घरच्या देवीच्या, दिव्याला शेतातला कापूस चालत नाही. परसातलाच लागतो.

मायची खोली घराच्या मागच्या अंगाला, अंगणापलीकडे आहे. एक दार, खिडकी नाही. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात दिवा, आणि त्याच्या डाव्या हाताला एका फळीवर ओळीनं मांडलेले पितळी गडवे, तांब्यासारखे. गावात वीज आली, आमच्याही घरात बल्ब लागला, पण त्या खोलीत तार नेऊ दिली नाही. दिव्यात जवसाचं तेल घालायचं ते उजाडायच्या आधी आणि दिवेलागणीला. हे काम घरातली एकच बाई करते आणि जी करते तिला देवकाबाई म्हणतात. माझ्या सासूबाई देवकाबाई. त्यांच्या सासूबाईही देवकाबाई, आणि त्यांच्या आधीची होती तीही. पहिलं नाव मागे पडतं. लग्नात माहेरहून मिळालेला, नाव कोरलेला गडवा सेलूच्या हिरालाल तांबटाकडे न्यायचा. तो नावावर ठोके घालून पत्रा सपाट करून देतो, आणि तोच गडवा मग दिव्याच्या तेलाचा होतो. बाई गेली की तिचा गडवा फळीवर.

मला यात वावगं काही वाटलं नव्हतं. लग्नात बायकांची नावं बदलतातच. माझ्या दोन मावशांची बदलली, तेव्हा कुणी रडलं नाही. उलट देवकाबाईच्या पाया सारा गाव पडतो. नवी नवरी आधी तिच्यापुढे येते, मग घरात जाते. पहिलं बोंड तिचं, पहिली भाजी तिची.

मी थोरली सून. गिरडची लेक, बबनरावांची बायको. या घरात आल्यापासून वाती मीच वळत आले. तो दिवा माझ्याकडे येणार हे मी धरूनच चालले होते.

२

पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी साऱ्यांना खाटेभोवती बोलावलं आणि म्हणाल्या, "दिवा धाकटीले द्या."

धाकटी म्हणजे सुलोचना, माझी जाऊ. आंजीची. लग्न होऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. तिचा नवरा वासुदेव, माझा दीर, वर्ध्याला कचेरीत कारकून, शनिवारी घरी येई. ही बाई कशी, तर दूध चुलीवर ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणारी. आठवड्यातून एकदा तरी दूध उतू जायचं. हसायची तर सगळे दात दिसत. वात वळायला बसवली तर वातीची दोरी करून ठेवायची. आणि तिला दिवा!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला राग आला की मी तोंडानं बोलत नाही, भांडी आपटते. सासूबाई आपल्या लेकाशी जरा जास्त वेळ बोलत बसल्या तरी मी आत भांडं आपटत असे, आणि बबनराव बाहेरून म्हणत, "आपटलं पाह्य." त्या दिवशी घरातलं एकही भांडं मी सुटू दिलं नाही.

"माय, थोरलीनं काय पाप केलं वं?" बबनरावांनी विचारलंसुद्धा.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. घरात सगळे मला थोरली म्हणत. नवरा तर नुसतं 'अवं'. नावानं हाक मारणाऱ्या सासूबाई एकट्याच. म्हणाल्या, "प्रमिलाले चूल सांभाळू द्या." एवढंच. मी तोंड फिरवलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

सुलोचनाचा गडवा सेलूला गेला. येताना बैलगाडीत तिनं तो मांडीवर धरला होता. नावाच्या जागी ठोक्यांचा चट्टा. त्यावरून ती बोट फिरवत होती.

"बाई, माहा बाप आता मले काय म्हनून हाक मारन?" असं म्हणाली आणि हसली.

"देवकाबाई म्हनन. अन् पाया पडन," मी म्हटलं. माझ्या आवाजातलं विष तिला कळलं नाही. साधी होती.

३

महिना गेला असेल. मी दुपारी तांदूळ निवडत होते आणि ती समोर ओसरीवर वाती वळत होती. सवयीनं माझं लक्ष तिच्या हातांकडे. वात छान वळली जात होती. दोरी नाही, गाठ नाही. मला आधी त्याचाच राग आला. मग दिसलं की तिची उजवी करंगळी आत मुडपलेली आहे.

सासूबाईंची करंगळी विळ्यानं अर्धी तुटलेली होती. त्या वात वळत तेव्हा चारच बोटं चालत. सुलोचनाची बोटं पाच, पण चालत होती ती चार.

"करंगळीले काय झालं वं?" मी विचारलं.

तिनं हात पाहिला. "कोठी काय?" म्हणाली आणि बोट सरळ केलं. पुन्हा वात घेतली तसं बोट पुन्हा मुडपलं.

मी मनात म्हटलं, नाटकी. सासूची नक्कल केली की गावाला आणखी खरी वाटेल. बायकांना असली सोंगं कळत नाहीत, पण मला कळतात. मी सासूबाईंच्या हाताखाली राबलेली आहे.

मग ती खाकरायला लागली. सासूबाई खोलीच्या दाराशी दोनदा खाकरत, तशीच. बसताना एक गुडघा उभा. एका सकाळी गोठ्याकडे तोंड करून तिनं विचारलं, "कपिलीले चारा टाकला का वं, थोरले?" मला आतापर्यंत ती बाई म्हणायची. आणि कपिली गाय तर सुलोचना या घरात यायच्या आधीच मेली होती.

रात्री जेवायला वाढताना मी बबनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मायनंच सांगतलं असन तिले कपिलीचं."

"अन् थोरले म्हनते मले."

"मंग तू थोरली नाईस काय?" ते भात कालवत म्हणाले.

बरोबर होतं. माझी शंकाच मुळी हेव्यातून आली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती शंका मी स्वतःच खरी धरत नव्हते.

४

एकदा तिचे केस विंचरून द्यायला बसले. ती होती बरी त्या दिवशी, पहिल्यासारखी. कंगवा अडकला तर "अवं माय वं!" म्हणून ओरडली. मग हळूच म्हणाली, "बाई, एक सांगू? मले नावानं हाक मारत जा ना. कोनीच मारत नाई. तुमी बी देवकाबाई म्हनता."

"मान भेटला, मंग नाव कायले पाह्यजे?" मी म्हटलं.

"नाई, तसं नाई. मले कधी कधी..." ती थांबली. "आंजीले आमच्या घरामांगं चिच हाय. तिच्याखाली मी खेळो. थे मले आठोते. पन खेळते थ्या पोरीचं नाव आठोत नाई."

माझा हात थांबला. पण तेवढ्यात अंगणात प्रमिलाबाई पाटलीण, माझ्याच नावाची, ओटीचं ताट घेऊन आली आणि "देवकाबाई हाय काय?" म्हणून तिनं हाक दिली. सुलोचना अर्ध्या वेणीनं उठली, खाकरली आणि पदर डोक्यावर घेऊन चालू लागली. पाटलीण तिच्या पायावर डोकं ठेवत होती. मी कंगव्यातले केस काढत बसले. माझ्या पाया कोण पडणार होतं!

त्या शनिवारी वासुदेव आला. नेहमी तो आला की सुलोचना पळत फाटकापर्यंत जायची आणि मला तेही बघवत नसे. त्या दिवशी ती ओसरीवर बसून राहिली. तो जवळ गेला. तिनं त्याला वाकायला लावलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, गालाला हात लावून बोटं मोडली आणि म्हणाली, "वासू, वाळून गेला रे बाबू."

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो आवाज नक्कल नव्हता. नक्कल करणारी बाई मधूनच बघते, लोकांना पटलं की नाही. ही बघत नव्हती.

वासुदेव माझ्याकडे चुलीपाशी आला. "वैनी, मी बाहेर खाट टाकतो. आतमंधी नाई झोपत."

"काऊन जी, भाऊजी?"

"थे माही माय हाय, वैनी," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

बबनरावांशी त्यानं दुसऱ्या दिवशी गोष्ट काढली. वर्ध्याला नेतो, डॉक्टरला दाखवतो. बबनराव भला माणूस, पण त्या दिवशी खांबासारखा बसला. "ने. मी कोन नाई म्हननारा? पन दिवा कोन लावन थे सांगून जाय. आजवर खंड पडला नाई." एक दिवस न लावून बघू, असं म्हणायची छाती त्या घरात कुणाचीच नव्हती. माझी तर नव्हतीच. मला तर दिवा हवा होता.

५

नवरात्राच्या आधी फळीवरचे गडवे चिंचेनं घासायचे असतात. ते खोलीबाहेर नेत नाहीत. हे काम मात्र थोरलीचं, दिवा कुणाकडेही असो. दुपारची वेळ होती. दारातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. सुलोचना दिव्यासमोर माझ्याकडे पाठ करून वाती वळत होती. मी कोपऱ्यात फळीखाली बसून चिंचेचा कोळ आणि राख घेऊन एकेक गडवा घासत होते. मनात नेहमीचंच. काम माझं, मान तिचा.

सासूबाईंचा गडवा घेतला. ठोक्यांचा चट्टा घासला तसा उजळला. तो उन्हात तिरका धरला आणि चट्ट्याखालून अक्षरं दिसली. पुसट, पण दिसली. सासूबाईंचं खरं नाव घरात कुणाला माहीत नव्हतं, त्यांच्या लेकांनाही नाही. मी एकेक अक्षर लावत वाचलं.

"अन्नपूर्णा."

"ओ," कुणीतरी म्हणालं.

मी मागे पाहिलं. सुलोचनाची पाठ तशीच. हात चालूच.

"काई म्हनलं काय वं?"

"नाई," ती म्हणाली.

पितळेचं भांडं आहे, मी स्वतःला सांगितलं. तोंडापाशी बोललं की घुमतं. पोरं विहिरीत ओरडतात तसं. खात्री करावी म्हणून मी गडव्याच्या तोंडापाशी माझ्या आईचं नाव घेतलं, "आनंदाबाई." माझाच आवाज थोडा घुमला आणि विरला. ओ नाही, काही नाही. हायसं वाटलं. उगीच भ्याले, असं म्हणून मी शेवटचा गडवा ओढला. तो सुलोचनाचा, सगळ्यांत नवा. त्यात तळाशी थोडं तेल होतं. नाव कसं वाचायचं, मला ठाऊकच होतं.

"सुलोचना," मी म्हटलं. हळू. पाठमोऱ्या बाईला ऐकू जाईल एवढंच.

पाठमोरी बाई हलली नाही. तिची मान वळली नाही, हात थांबला नाही. ओ आली ती माझ्या हाताखालून, दूर वावरातून कुणी ओरडावं तशी, दमलेली.

"ओ बाई! मी अठी हावो. किती दिसानं हाक मारली वं."

माझ्या तळव्याला ते पितळ थरथरलेलं कळलं. ऊन पडलेलं होतं, दाराबाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, ते मला दिसत होतं. मी शुद्धीत होते. दिव्यासमोरची बाई खाकरली, दोनदा.

"थोरले, घासनं झालं काय?" ती न वळता म्हणाली.

आणि मग त्या आधीच्या गडव्यातून, अगदी जवळून, मला कुणी नावानं हाक मारली. या घरात मला नावानं हाक मारणारी एकच बाई होती.

"प्रमिला. तू नको."

६

मी चुलीपाशी कशी आले ते आठवत नाही. हाताला चिंच लागलेली तशीच होती. मी बसून राहिले आणि आपल्या बुद्धीला जेवढी कारणं सुचली तेवढी सगळी मांडून पाहिली. ऊन लागलं. उपास होता. मनात तिचाच विचार म्हणून कानात तिचाच आवाज. सगळी पटण्यासारखी होती. पण 'तू नको' या दोन शब्दांना कारण सापडेना. कारण ते मी माझ्या मनानं कधीच म्हटलं नसतं. माझं मन तर सारखं 'मीच' म्हणत होतं.

म्हणजे सासूबाईंनी मला डावललं नव्हतं. सोडवलं होतं. वेळ आली तेव्हा कुणाला तरी द्यायलाच हवं होतं, आणि त्यांनी जिच्यावर जीव नव्हता तिला दिलं. माझ्यावर होता. मी तोंड फिरवलं तेव्हाही होता. मला रडू आलं. आणि रडता रडता त्या आंजीच्या पोरीची ओ पुन्हा ऐकू आली. 'किती दिसानं हाक मारली वं.'

शनिवारी वासुदेव आला तसं मी त्याला गोठ्यामागे नेलं.

"भाऊजी, उद्या सकाळच्या यष्टीनं तिले घेऊन जा. अन् तिचा गडवा संग न्या. तिच्यापासून दूर ठेवू नोका. त्यात तेल घालू नोका, पानी घाला. अन् तिले नावानं हाक मारा. दिवसभर मारा. लोक हासले त हासू द्या."

"अन् दिवा, वैनी?"

"थो माह्या घरचा दिवा हाय. मी पाह्यतो."

फाट्यावर ती गुमान आली. पिशवीत गडवा घालून मी तो तिच्या मांडीवर ठेवला. यष्टीच्या खिडकीतून ती माझ्याकडे परक्या म्हातारीसारखी बघत होती. गाडी सुटली. थोडी पुढे गेली आणि एकदम तिचं डोकं, खांदे, दोन्ही हात खिडकीबाहेर आले.

"बाई! अवं बाई! दूध चुलीवर ठेवून आली मी! उतू जाईन, पाह्यजा!"

चुलीवर दूध नव्हतं. मी फाट्यावर उभी राहून हसले, आणि डोळे पुसले, आणि पुन्हा हसले.

७

दिवेलागणीला अंगणात बायका जमल्या. असल्या बातम्या पाय लावून फिरतात. धाकटी गेली, आता काय? बबनराव ओसरीवर डोकं धरून बसले होते. धुरपता नावाची म्हातारी शेजारीण पुढे आली, म्हणाली, "थोरले, येळ टळून राह्यली माय."

मला कुणी ढकललं नाही. कुणी शपथ घातली नाही. तो दिवा मला हवा होता, अगदी तेव्हाही, ते सगळं ऐकूनही. आणि विझू दिला असता तर उद्या या अंगणात मी कुठल्या तोंडानं उभी राहिले असते? फक्त मी एक ठरवलं होतं. दिवा लावीन, पण गडवा देणार नाही. हिरालालकडे जाणार नाही. 'चि. सौ. कां. प्रमिला हीस आईवडिलांकडून, गिरड' असं कोरलेला माझा गडवा चुलीजवळच्या फळीवर आहे, तो तिथंच राहील. तेल मी साध्या वाटीनं घालीन. दिवा मायचा, नाव माझं. सासूबाईंना हे सुचलं नसेल, मला सुचलं. मी त्यांच्यापेक्षा हुशार आहे असंही वाटलं.

दिवा लावून बाहेर आले तशा बायका पाया पडल्या. एकेक करून सगळ्या. पाटलीणसुद्धा. खरं सांगते, गोड लागलं. इतकी वर्षं ज्याची भूक होती ते पानात आलं होतं.

"देवकाबाई," धुरपता म्हणाली.

"प्रमिला म्हना," मी म्हटलं. त्या हसल्या. थट्टा वाटली त्यांना.

त्या रात्री मी बबनरावांना म्हटलं, "मले रोज एकदा तरी नावानं हाक मारत जा जी."

"आता? या वयात? नलूचं लगन झालं, जवाई आला घरात." नलू आमची एकुलती एक लेक. ते लाजून कानापर्यंत लाल झाले. "लोक हासतीन."

"हासू द्या. वावरातून आले का मारत जा. दारातूनच."

आणि त्यांनी मारली. पहिल्या दिवशी कुजबुजल्यासारखी. मग जरा मोठ्यानं. मग तर रोज संध्याकाळी बैल बांधले की फाटकातूनच आवाज यायचा, "प्रमिलाऽ!" आणि मी चुलीपासून "ओ, आली!" म्हणायची. म्हाताऱ्या होत चाललेल्या आम्हा दोघांना त्यात काय गंमत वाटायची! सगळ्या लग्नात वाटली नव्हती तेवढी. त्या खोलीतल्या कोपऱ्याकडे मी बघत नसे आणि आत कुणाचंच नाव घेत नसे.

८

वासुदेव मधे येऊन गेला. सुलोचना बरी आहे म्हणाला. दिवस गेलेत. दूध रोज उतू जातं. आणि अख्ख्या चाळीत तिच्या नावाचा पुकारा, "सुलोचना, सुलोचना", तीच सगळ्यांना सांगते, मला नावानं बोलवा म्हणून. मला आनंद झाला. आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. तिचं नाव इतक्या तोंडांत, माझं एका तोंडात.

गडवा घासताना 'प्र'च्या खाली एक पोचा दिसला. पडला असेल फळीवरून. दुसऱ्या महिन्यात 'मि' बोटाला लागेना. राखेनं झिजलं, मी म्हटलं. मी जरा जोरानंच घासते. मग चिंच लावणं सोडलं, नुसता धुवायला लागले. पोचा वाढतच गेला. कुणी ठोकत नव्हतं. रात्री उशाशी घेऊन झोपले तरी सकाळी थोडा अधिक.

एकदा वाती वळून उठायला गेले तर एक गुडघा उभा होता. मी आधी हसले, मग हातांकडे पाहिलं. मग बघायचं सोडून दिलं. काम होत होतं. वाती छान होत होत्या.

९

परवाची गोष्ट. परवाची की आणखी आधीची, ते मला नीट सांगता येत नाही. दिवेलागण झाली होती. दिव्यात तेल घालून मी खोलीच्या उंबऱ्यात आले होते. फाटक वाजलं. बैल बांधल्याचा आवाज. आणि रोजची हाक आली.

"प्रमिलाऽ!"

मी तोंड उघडलं.

"ओ, आली!"

आवाज घरातून आला. चुलीपासून, माझा गडवा असतो तिथून. माझाच होता. थोडा वैतागलेला, थोडा हसरा, कामात असलेल्या बाईचा. मग घंगाळात गडवा बुडवल्याचा आवाज. बबनरावांनी पाय धुतले. ते आत गेले. मला खोलीच्या उंबऱ्यातून चुलीचं दार दिसत होतं आणि भिंतीवर हलणारी सावली दिसत होती. पदर खोचलेली, वाकलेली. ती काहीतरी म्हणाली. ते हसले. असे ते माझ्याशीच हसतात, दुसऱ्या कुणाशी नाही.

मधे फक्त अंगण होतं. जाता आलं असतं. पण जाऊन सांगू काय? कोण आली म्हणून सांगू? आत जी होती ती चांगली नांदत होती. तिचं तिथं सगळं होतं. चूल, नवरा, भांडी, नाव. माझ्याकडे दिवा होता. मला तिचा असा हेवा वाटला, असा हेवा, की सुलोचनाचाही कधी वाटला नव्हता.

थोड्या वेळानं बबनराव हात पुसत अंगणात आले. मी उंबऱ्यात उभी आहे हे पाहून ते थबकले. त्यांनी टोपी सारखी केली. नजर खाली घातली आणि जवळ येऊन, लहानपणी बोलत असतील तशा आवाजात म्हणाले,

"झाला काय दिवा, माय?"

मला म्हणायचं होतं, अवो, मी. मी हावो. बघा तरी वर. पण मी आधी खाकरले, दोनदा. मग माझा हात उठला. चारच बोटं त्यांच्या डोक्यावरून फिरली, गालापाशी आली आणि मोडली.

"झाला," मी म्हणाले. "बबन, वाळून गेला रे बाबू."

ते तिथंच पायरीवर बसले. दिवसभराचं सांगायला लागले, कपाशीचं, बैलाच्या खुराचं. मी ऐकत होते. माझा हात त्यांच्या पाठीवर होता. बराच वेळ झाला असेल.

घरात चुलीपाशी कुणीतरी भांडं आपटलं.

"आपटलं पाह्य," बबनराव हसून म्हणाले, आणि उठून तिच्याकडे गेले.